सरासरीच्या वरचा महिना
खुलताबाद तालुक्यातल्या पावसाची महिनावार बेरीज एक्सेलमध्ये मांडली, तरी जास्तीचे महिने चटकन डोळ्यांत भरत नाहीत. त्यासाठी बारा महिन्यांचे सेल निवडा. होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, टॉप-बॉटम रूल्स, अबव्ह ॲव्हरेज असं जाऊन रंग ठरवा. आकडा बदलला की रंगही आपोआप बदलतो.

तळाची ‘एकूण’ ओळ मात्र निवडू नका. तिच्यामुळे सरासरी जवळपास दुप्पट होते. कोरड्या महिन्यापुढे शून्य लिहा. रिकामा सेल सरासरीत धरलाच जात नाही.

आणखी एक. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमधलाच. म्हणजे वर्षाच्या सरासरीवर दरसाल साधारण तेच महिने रंगणार! यंदाचा जुलै खरंच भरून पडला का, हे आधीच्या वर्षांचे जुलै शेजारी मांडल्यावरच कळेल.