इंजिन टेकते कशावर?

१९६२ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडहून लॉस एंजेलिसला एक गाडी आली. तिला इंजिन नव्हते. टेम्स डिटन येथील एसी कंपनीची ‘एस’ ही हलकी, उघडी स्पोर्ट्‌स गाडी. तिच्यात बसणारे ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन बंद झाले होते. हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागलेल्या कॅरोल शेल्बीने तिच्यात फोर्डचे नवे, ४.२ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवायचे ठरवले. डीन मून यांच्या कार्यशाळेत ते काम दिवसभराच्या आत उरकले. हीच पहिली ‘कोब्रा’.

ही कथा सांगताना सगळे अश्वशक्तीविषयी बोलतात. पण एका सांगाड्यात परके इंजिन बसवायचे, तर पहिला प्रश्न असतो तो ते टेकणार कशावर हा. मूळ इंजिनासाठी केलेले आधार नव्याला जुळत नाहीत. ते हातानेच घडवावे लागतात. या आधारांना इंजिन माउंट म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’. फाउंडेशन म्हणजे पाया. घराच्या पायावर मुख्यतः वजन येते. या पायावर मात्र वजनाहून अवघड असे काही येते, ते म्हणजे पीळ.

इंजिन आपला दांडा एका दिशेने फिरवते, तेव्हा ते स्वतः उलट दिशेने फिरू पाहते. मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जखडलेले असतात. म्हणून आधारांना जाणवतो तो केवळ इंजिनाचा पीळ नव्हे, तर गिअरबॉक्सने वाढवलेला पीळ. समजा, इंजिनाचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर आहे आणि पहिला गिअर तो अडीचपट करतो. म्हणजे ८७५ न्यूटन-मीटर. दोन आधारांत अर्ध्या मीटरचे अंतर असेल, तर एक आधार सुमारे पावणेदोनशे किलोच्या जोराने खाली दाबला जातो आणि दुसरा तेवढ्याच जोराने वर उचलला जातो. शर्यतीत हे प्रत्येक सुरुवातीला घडते. शिवाय करकचून ब्रेक मारला की सारे वजन पुढे झेपावते.

मग आधार किती असावेत? बहुधा तीन, दोन इंजिनाच्या बाजूंना, एक गिअरबॉक्सखाली. तिवई ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही, चौरंग डगमगतो. वळणावर सांगाडा पिळवटतो तेव्हा तीन बिंदूंवर टेकलेल्या इंजिनाला तो फारसा पिळू शकत नाही. चार कोपऱ्यांत घट्ट आवळलेल्या इंजिनाचे ओतीव कान मात्र तडकू शकतात.

आधार मऊ असावा की कडक, हा वाद जुना आहे. १९३१ साली प्लिमथ गाडीत चार सिलिंडरांचे इंजिन रबरावर अशा बेताने तोलले गेले की त्याची थरथर प्रवाशांपर्यंत पोचेना. शर्यतीत हाच मऊपणा नडतो; इंजिन हलते आणि त्याबरोबर गिअरचा दांडाही. म्हणून तिथे कडक पॉलियुरेथेन किंवा सरळ पोलाद वापरतात. त्याची किंमत थरथरीने मोजावी लागते. बोल्ट सैल होतात, वेल्डिंगच्या कडेला चिरा पडतात. पुढचे आधार मऊ आणि मागचा पोलादी, अशी सरमिसळही घातक. मग सारी ओढ गिअरबॉक्सच्या ओतीव कवचावर येते.

घडवण्याची रीत मात्र साधी आहे. रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स चेनपुलीला टांगून जागेवर उतरवतात. तळाचे ऑइल पॅन, स्टिअरिंगचा दांडा, एक्झॉस्टचे पाइप आणि बॉनेट यांना अंतर राहते का, ते पाहतात. गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा दांडा समांतर ठेवतात. नाहीतर मधला प्रोपेलर शाफ्ट प्रत्येक फेरीत हिसके देतो. इंजिन तिथेच ठोकळ्यांवर स्थिर केले की पुठ्ठ्याचे साचे कापतात आणि त्यावरून पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट. आधी जागेवरच वेल्डिंगचे नुसते टाके घालतात, पुन्हा मोजतात. पूर्ण वेल्डिंग करताना तुकडा जखडून ठेवतात, कारण तापलेले पोलाद निवताना आक्रसते आणि भोके सरकतात. कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या जोडतात, म्हणजे जोर एका रेषेत साचत नाही.

शेवटची अट अशी, की रबर फाटले तरी इंजिन सुटता कामा नये. १९७१ साली जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेव्हरोले वाहने परत बोलवावी लागली. त्यांतील आधारांचे रबर सुटले की इंजिन एका बाजूने उचलले जाई आणि थ्रॉटल उघडाच अडकू शके. उपाय केला तो इंजिन धरून ठेवणाऱ्या एका पोलादी तारेचा. म्हणून जाणता कारागीर रबराच्या आरपार बोल्ट घेतो. रबर गेले तरी पोलाद पोलादाला धरून राहते.

शर्यत पाहताना हा तुकडा कोणालाच दिसत नाही. पण इंजिनाचा सारा जोर सांगाड्यापर्यंत त्याच्यातूनच जातो. परके इंजिन आणण्याचे धाडस कितीही मोठे असो, ते पुठ्ठ्याच्या साच्याच्या अचूकपणावर आणि वेल्डिंगच्या चार इंचांवर टेकलेले असते.