केशोरीच्या मुलखातली रक्ताची वंशावळ

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी आहे. या भागात कुळाची हकीकत विचारली, तर उत्तर घरागणिक बदलते. धानाच्या बांध्यांना तलावांचे पाणी देणाऱ्या कोहळ्यांचे पूर्वज चांद्याच्या गोंड राजाने काशीहून आणले, असे सांगतात. गोंड पूर्वीपासून इथलेच. आणि जवळच्या गोठणगावला तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग वसाहत आहे, ती १९७२ सालची.

यातल्या सांगोवांगीच्या गोष्टी रक्ताला विचारता येतात. गोंडांचेच घ्या. त्यांची भाषा द्राविडी. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांचे नाते इतर द्राविडी भाषकांपेक्षा मुंडा भाषागटातल्या समाजांशी अधिक जुळले. भाषा बदलते, वंश मागे राहतो.

विदर्भातली सर्वांत बोलकी जनुकीय खूण मात्र सिकलसेलची. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदलते, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे ठणकतात, रक्त कमी होते. १९५२ मध्ये हा दोष निलगिरीत आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली.

एवढा त्रासदायक दोष टिकला कसा? एका पालकाकडूनच तो मिळाला, तर माणूस वाहक होतो, सहसा धडधाकट राहतो, आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या पाहणीवरून हे दाखवले. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात तापाने किती पिढ्या खाल्ल्या, हे वेगळे सांगायला नको. हा दोष गोंडांत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गीयांतही आहे. म्हणून तो ‘आदिवासींचा आजार’ म्हणणे मला चूक वाटते. पूर्वज कोणत्या हवापाण्यात जगले हे तो सांगतो. कोणत्या पंगतीला बसले, हे नाही.

या जनुकाच्या शेजारची अक्षरे पाहून त्याचा माग काढतात. १९८६ मध्ये ओडिशातला आणि पूर्व सौदी अरेबियातला नमुना एकच निघाला, आफ्रिकेतल्यांहून वेगळा. म्हणून आशियात हा बदल स्वतंत्रपणे झाला, असे मानले गेले. २०१८ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा एकच उगम मांडला. वाद मिटलेला नाही.

नॉरग्येलिंगच्या निमित्ताने आणखी एक जनुक आठवतो, ईपास-१. विरळ हवेत रक्त फार दाट होऊ न देणारे त्याचे रूप बहुतेक तिबेटी लोकांत असते. ते डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आले, हे २०१४ मध्ये दिसले. धानाच्या सखल मुलखात त्याचा उपयोग काय? काही नाही. तरी लेकरांना ते मिळणारच.

इरावती कर्वे यांनी डोकी, नाके मोजून एकाच नावाखालच्या पोटजाती वेगवेगळ्या कुळांच्या असल्याचे मांडले होते. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेतील संशोधकांनी हार्वर्डच्या साथीने दाखवले, की बहुतेक भारतीय दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून आले. पुढे लग्ने जातीतच होत राहिली आणि दडलेले दोष घरातल्या घरात फिरत राहिले.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. सोबत तपासणीचा निष्कर्ष सांगणारे कार्डही आले. सोयरीक जुळवताना देवक विचारणाऱ्यांनी हे कार्डही विचारावे, पण ते पोरीचे लग्न मोडायला वापरू नये. वाहकाने वाहक किंवा रुग्ण नसलेल्याशी लग्न केले, तर मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी धोका चारात एक. अशा जोडप्यासाठी गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून होते, तीही मोठ्या शहरात. त्यामुळे पाळी चुकताच आशाताईंना सांगावे लागते.