उंदीर चुकतो तेव्हा

उंदराचं डोकं हलू नये म्हणून पक्कं बसवलेलं, पुढचे पाय एका छोट्या चाकावर. समोरच्या पडद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे पट्ट्यापट्ट्यांची आकृती उमटते. चाक फिरवून ती मधोमध आणली की गोड पाण्याचा थेंब मिळतो. भलतीकडे ढकलली, तर खरखराट ऐकत ताटकळावं लागतं. काम पाठ झालेलं असतं, आकृती ठसठशीत असते, तरी पठ्ठ्या अधूनमधून चुकतोच. या चुकांबद्दल आणि त्यांच्यामागच्या मेंदूबद्दल बरेच समज रूढ आहेत.

गैरसमज : तरबेज प्राणी चुकला, म्हणजे त्याचं लक्ष क्षणभर उडालं.

वस्तुस्थिती : चुका अशा सुट्यासुट्या विखुरलेल्या असतात, असं संशोधकही वर्षानुवर्षं धरून चालत. प्रिन्स्टन विद्यापीठातील झोई अॅशवूड, जोनाथन पिलो आणि सहकाऱ्यांनी अशा चाचण्यांची आकडेवारी नव्याने तपासली आणि २०२२ मध्ये वेगळंच चित्र मांडलं. उंदीर काही काळ पडदा नीट पाहून उत्तर देतो. मग त्याचा पवित्रा बदलतो आणि आकृती कुठेही असो, चाक एकाच बाजूला फिरवण्याकडे त्याचा कल होतो. कधी ती बाजू डावी, कधी उजवी. अशी एकेक अवस्था दहा-वीसच काय, शेकडो फेऱ्याही टिकते. म्हणजे चुका येतात त्या गटागटाने. हाच हिशेब माणसांच्या चाचण्यांना लावला, तेव्हा तिथेही अशा अवस्था सापडल्या.

गैरसमज : प्राणी जितका सावध, तितका निर्णय अचूक.

वस्तुस्थिती : एका मर्यादेपर्यंतच. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्येच दाखवलं होतं, की फरक ओळखणं अवघड असेल, तर फार खडबडवणाऱ्या विजेच्या जबर झटक्यापेक्षा मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकतात.

सावधपणा कमी-जास्त होतो तेव्हा मेंदूत काय चालतं, याचा माग येल विद्यापीठातील मॅथ्यू मॅकगिन्ली आणि डेव्हिड मॅककॉर्मिक यांच्या गटाने २०१५ मध्ये काढला. उंदराने गोंगाटात दडलेला सूर ओळखायचा होता. सावधपणा मोजायला डोळ्याची बाहुली कामी आली : पेंग आली की ती आक्रसते, खळबळ वाढली की विस्फारते. कामगिरी सर्वांत सरस ठरली ती बाहुली मध्यम आकाराची आणि उंदीर न धावता स्वस्थ असताना. त्या वेळी श्रवणकेंद्रातल्या चेतापेशींचा विद्युतदाब स्थिर होता, त्यामुळे सुराला मिळणारा प्रतिसाद ठळक उठून दिसला.

मात्र धावणं सरसकट मारक नाही. क्रिस्टोफर नील आणि मायकेल स्ट्रायकर यांनी हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर उंदीर पळवले, तेव्हा दृष्टिकेंद्रातल्या पेशींचा प्रतिसाद दुपटीहून अधिक झाला.

गैरसमज : जागा असलेल्या प्राण्याचा सगळा मेंदू जागा असतो.

वस्तुस्थिती : २०११ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात घुशींसारख्या मोठ्या उंदरांना बराच वेळ जागं ठेवलं गेलं. त्यांचे डोळे उघडे होते, हालचाल चालू होती. तरी मेंदूच्या बाह्यावरणातले काही पेशीसमूह झोपेतल्यासारखे क्षणभर बंद पडत होते. पंजा घालून साखरेची गोळी उचलताना नेमका हालचालीशी निगडित भाग असा बंद पडला, की गोळी हुकण्याचं प्रमाण वाढे.

गैरसमज : पाहायला काही नसेल, तर दृष्टिकेंद्र स्वस्थ असतं.

वस्तुस्थिती : कार्सन स्ट्रिंगर, मारियस पचितारियू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उंदरांच्या दृष्टिकेंद्रातल्या सुमारे दहा हजार पेशींची एकाच वेळी नोंद घेतली. मिट्ट अंधारातही तिथे धामधूम चालूच होती. मिश्या थरथरणं, नाक फुरफुरणं अशा चेहऱ्याच्या चाळ्यांवरून त्या धामधुमीचा बराचसा भाग ओळखता आला. चित्र दाखवल्यावरही ती थांबली नाही. चित्राचा प्रतिसाद तिच्यात मिसळला.

म्हणूनच आता अनेक प्रयोगांत एक कॅमेरा उंदराच्या तोंडावर आणि बाहुलीवर रोखलेला असतो, आणि उत्तर बरोबर की चूक या नोंदीबरोबर त्या क्षणी प्राणी कोणत्या अवस्थेत होता, तेही तपासलं जातं.