पटावरील दाण्यांची संख्या

बुद्धिबळाच्या शोधाची कथा भारतीय वाचकास अपरिचित नाही. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा आणि पुढील प्रत्येक घरात मागच्याच्या दुप्पट, असे चौसष्ट घरांचे धान्य मागून पंडिताने राजास कुंठित केले. कथाकारास येथे केवळ विशालता अभिप्रेत असते. ‘अगणित’ म्हणून तो पुढे जातो. वस्तुतः ही बेरीज अगणित नाही. दोनाच्या चौसष्टाव्या घातातून एक वजा केला असता ती मिळते : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. अल्बेरुनीने इ. स. १००० च्या सुमारास ती अचूक काढली होती.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या मापाने प्रस्तुत संख्या १८४ परार्धांहून अधिक भरते. स्थाननामांनी संख्येचा आकार कळतो. तिची घडण कळण्यासाठी अवयव पाडावे लागतात.

वर्गांच्या वजाबाकीचे परिचित सूत्र पुनःपुन्हा लावल्यास या संख्येचे सहा अवयव पडतात : ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. अशा प्रकारच्या सर्व संख्या मूळ असाव्यात, असे फ्रेंच गणिती फर्मा याचे मत होते. पहिल्या पाच तशा आहेतही. परंतु सहावी ६४१ आणि ६७००४१७ यांचा गुणाकार आहे, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखविले. म्हणजे एकूण मूळ अवयव सात, आणि एकाचीही पुनरावृत्ती नाही. म्हणून ही संख्या विषम, संयुक्त व वर्गमुक्त ठरते. तिचे विभाजक १२८ आहेत. ती स्वतः वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी येते. म्हणून ती ‘न्यून’ वर्गात मोडते.

याउलट, पहिल्या ६१ घरांतील दाण्यांची बेरीज २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ संख्या आहे. रशियातील पेर्वुशिन याने हे १८८३ मध्ये सिद्ध केले. नियम तोच, पट तोच. प्रकृती मात्र अगदी भिन्न.

साहित्याच्या अभ्यासकास या वर्गीकरणाचा उपयोग पाठचिकित्सेत होऊ शकतो. वीस अंकांची संख्या उतरताना लेखकाचा हात चुकणे स्वाभाविक आहे. अंकांची बेरीज करून ३ ने भाग जातो की नाही हे पाहणे सोपे; पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्यास बेरीज बदलत नाही व ही कसोटी फसते. १७ ची कसोटी अधिक कडक आहे. एखादाच अंक बदलला असो, वा शेजारचे दोन भिन्न अंक आपसांत बदलले असोत, अशा संख्येस १७ ने निःशेष भाग जात नाही. दोष आढळल्यावर दुपटीच्या नियमानेच शुद्ध पाठ पुन्हा सिद्ध करता येतो.

तात्पर्य, ग्रंथात आलेली प्रत्येक मोठी संख्या अतिशयोक्ती समजून सोडून देणे युक्त नव्हे. ती एखाद्या नियमातून निघाली आहे काय, हा प्रश्न आधी विचारावा. तशी ती निघाली असेल, तर तिच्या पाठाची साक्ष तीच देते.