आत्याची भाजणी आणि रुसलेली शेगडी

दिवाळीला आठ दिवस होते. बार्शीकडे आत्याच्या घरी गेलो आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकतो तोच डोळ्यांना धारा लागल्या! चुलीवर भाजणीचे तांदूळ, चुलीत ओली-सुकी लाकडे, आणि धुराच्या पडद्याआड खोकत बसलेली आत्या.

"आत्या, गेल्या वर्षी मी बिनधुराची शेगडी आणून दिली होती ना? तिचे काय झाले?"

आत्याने हातातली फुंकणी माळ्याकडे रोखली. "ती बघ, वर बसली आहे! अरे, चुलीचा धूर निदान दाराने तरी जातो. तुझ्या शेगडीचा नेमका माझ्या तोंडावर येतो!"

घरात गॅसचा सिलिंडर होता. नाही असे नाही. पण भाजणी, अंघोळीचे पाणी असल्या वेळखाऊ कामांना सिलिंडर कोण जाळणार? शेतातल्या तुराट्या फुकटच्या होत्या.

वाचकहो, आपल्या शहरी घरांतून बंब गेला आणि धुराची आठवणही गेली. पण गावाकडच्या आत्या-मावश्यांची त्यातून अजून सुटका झालेली नाही. १९८१ साली कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाकघरांतला धूर प्रत्यक्ष मोजला, तेव्हापासून जगाचे लक्ष या गोष्टीकडे गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या अशा प्रदूषणामुळे जगात ३२ लाख माणसे दगावली. तेव्हा आत्याचा खोकला ही हसण्यावारी नेण्याची बाब नव्हती. मी शेगडी खाली काढली.

तिची रचना अगदी साधी. पत्र्याचा उभा डबा. तळाशी थोडी भोके, काठाखाली पुष्कळ भोके. डबा सरपणाच्या तुकड्यांनी भरायचा आणि जाळ खालून नव्हे, तर वरून लावायचा! ही कल्पना १९८५ च्या सुमारास टॉम रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाला सुचली. पुढे नॉर्वेच्या पॉल वेंडेल्बो यांनी युगांडात स्वतंत्रपणे तशीच शेगडी केली.

मी तुराट्यांचे बोट-बोट तुकडे करून डबा भरला, वर चार वाळक्या काटक्या पेटवल्या. पाच मिनिटांत पिवळाधमक जाळ! धुराचा मागमूस नाही. तांदूळ खमंग भाजून झाले. मी विजयी मुद्रेने आत्याकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही.

हरभऱ्याची डाळ कढईत पडली आणि जाळ मंदावला. आत्याने शांतपणे मूठभर तुराट्या उचलल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. क्षणात पांढरा दाट धूर भसाभस वर आला!

"बघितलेस?" आत्या म्हणाली.

बघितले, आणि चूक कुठे होते तेही उमगले. शेगडी विकणाऱ्याने तिच्यावर एक पातेले पाणी उकळून दाखवले होते. सरपण संपल्यावर पुढे काय, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

खरे म्हणजे जाळ होतो तो लाकडाच्या वायूचा. लाकूड तापले की त्याचा बहुतेक भाग वायू होऊन बाहेर पडतो. उरतो तो कोळसा. त्या वायूला आच आणि हवा मिळाली तर जाळ, न मिळाली तर धूर! वरून पेटवलेल्या शेगडीत आच हळूहळू खाली उतरते. खालून निघालेला वायू तापलेल्या कोळशातून वर येतो आणि काठाखालच्या भोकांतून येणाऱ्या हवेत जळून जातो. पण नुसते निखारे उरल्यावर वर मूठभर सरपण टाकले, की त्या साऱ्याचा वायू एकदम सुटतो. त्याला पेटवायला जाळ कुठे असतो? मग तो धूर होऊन गृहिणीच्या डोळ्यांत जातो.

मला आमच्या आजीची भुशाची शेगडी आठवली. मधे बाटली उभी धरून भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि शेगडी पेटवायची. मधेच भुसा टाकायला आजी कोणाला हात लावू देत नसे. एक भरण संपले की राख काढून दुसरे भरायचे, असा तिचा शिरस्ता. या नव्या शेगडीचाही तोच शिरस्ता आहे!

आम्ही मग अशी रीत बसवली:

एक, सरपण आधीच तोडून, वाळवून ठेवायचे. तुकडे सारखे हवेत. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते आटवण्यात आच वाया जाते.

दोन, पिवळा जाळ जाऊन निळसर ज्योती दिसू लागल्या, की भरण संपले असे समजायचे. धान्य बदलण्याची वेळ तीच धरायची आणि कढई उतरवायची.

तीन, निखारे लोखंडी घमेल्यात ओतून वर घट्ट झाकण ठेवायचे. हा कोळसा पुन्हा कामास येतो. मात्र घमेले अंगणात ठेवावे. बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठतो आणि त्याला वासही नसतो.

चार, डबा नव्याने भरून पुन्हा वरूनच पेटवायचा.

पाच, थोडक्यासाठी सरपण कमी पडले तर पिवळा जाळ जिवंत असतानाच एक-दोन बारीक काटक्या टाकायच्या. त्या पेटल्याखेरीज पुढच्या नाहीत. चुलीलाही हाच नियम. तोंड भरून लाकडे कोंबू नयेत. हवेला वाट हवी.

धूर अगदीच नाहीसा झाला असे मी म्हणणार नाही. पेटवताना थोडा होतोच. प्रकृतीच्या दृष्टीने गॅसच बरा, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी हवीच. परंतु सरपण जाळायचेच असेल तर ते धूर न करता जळावे, एवढे आपल्या हाती आहे.

संध्याकाळपर्यंत चार भरणी झाली, भाजणी पुरी झाली. आत्याने चिमूटभर हुंगून पाहिली. "धुरकट वास नाही हो यंदा!" मग पदराने चेहरा पुसत म्हणाली, "वर्षभर मी शेगडीला नावे ठेवली, आणि तू मनातल्या मनात मला. तेव्हाच येऊन शेजारी बसला असतास, तर गेली दिवाळीही अशीच गेली असती."

यावर मी काय बोलणार? मुकाट्याने उद्याच्या भरणीसाठी तुराट्या तोडायला बसलो.