पुसा मेळ्यानंतरचा एक दिवस : दिल्लीच्या उद्यानांत माती आणि पाण्याचे धडे

नवी दिल्लीतील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या प्रांगणात दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पुसा कृषी विज्ञान मेळा भरतो. महाराष्ट्रातूनही शेतकरी गट, कृषी विज्ञान केंद्रांचे कार्यकर्ते आणि कृषी विभागाचे कर्मचारी या मेळ्यास आवर्जून जातात. नवे वाण, अवजारे व प्रक्रिया यंत्रे पाहिली जातात, बियाण्यांच्या पिशव्या भरल्या जातात आणि परतीच्या गाडीपूर्वी बहुधा एक दिवस हाताशी उरतो. तो लाल किल्ला, कुतुबमिनार व बाजारपेठ यांत सरतो. त्याच दिवसात दिल्ली आणि गुरुग्राममधील काही निसर्ग व इतिहास उद्याने पाहता येतात. खारवटलेली जमीन, गाळाने भरलेला तलाव आणि खाणीने पोखरलेली टेकडी यांचे पुढे काय होऊ शकते, हे तेथे प्रत्यक्ष चालत पाहावयास मिळते. हे तिन्ही प्रश्न महाराष्ट्राच्या शिवारातलेही आहेत.

पुसा संस्थेचा स्वतःचा इतिहासही स्थलांतराचा आहे. १९०५ मध्ये ती बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची मोठी हानी झाल्यावर १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली. मूळ गावाचे नाव मात्र तिने सोबत आणले. संस्थेपासून फार दूर नसलेले तालकटोरा उद्यान मराठी पाहुण्यास आणखी एका कारणाने जवळचे वाटेल. मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांची फौज दिल्लीच्या वेशीवर येऊन ठेपली, तेव्हा याच परिसरात मोगल सैन्याशी तिची गाठ पडली होती. टेकड्यांच्या वाटीसारख्या खोलगट भागात पावसाचे पाणी साठविणारा तलाव, म्हणून ‘ताल-कटोरा’. लढाईची आठवण नावाला चिकटली नाही, पाण्याची चिकटली.

खादर, बांगर, कोही

दिल्ली परिसरातील जमिनीची जुनी विभागणी शेतकऱ्यांच्याच भाषेतील आहे. यमुनेच्या पुराखाली येणारी गाळाची जमीन ती खादर. पुराच्या पातळीवरील सपाट शेतजमीन ती बांगर. पाणी साचणारा सखल भाग डाबर आणि अरवलीच्या खडकाळ टेकड्यांचा भाग कोही. मेट्रोची पिवळी मार्गिका उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना यांपैकी बहुतेक प्रकारांच्या जवळून जाते. उत्तरेस विश्वविद्यालय स्थानकापासून यमुना जैवविविधता उद्यान, मध्ये हौजखास व मालवीयनगर स्थानकांजवळ मध्ययुगीन जलसंरचना आणि दक्षिणेस गुरुग्राममधील गुरु द्रोणाचार्य स्थानकापासून अरवली जैवविविधता उद्यान गाठता येते. स्थानकापासून पुढचे अंतर रिक्षाने कापावे लागते.

खारवट जमिनीवर उभे राहिलेले वन

वजिराबादजवळ, जगतपूर गावालगत सुमारे ४५७ एकरांवर पसरलेले यमुना जैवविविधता उद्यान दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने उभारले. पर्यावरणशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांनी या कामास दिशा दिली. आज तेथे वृक्षसमूह, गवताळ पट्टे आणि पाणथळ जागा दिसतात. परंतु उद्यानाच्या पहिल्या टप्प्याची जमीन मुळात क्षारयुक्त होती. बांध घातल्याने नदीचा पूर तेथे पोहोचेनासा झाला होता आणि पूर थांबला की क्षार धुऊन नेणारे पाणीही थांबते.

अशा जमिनीत थेट वृक्ष लावले असते तर ते जगले नसते. म्हणून कामाचा क्रम ठरविण्यात आला. आरंभी क्षार सहन करणारी गवते व शेंगावर्गीय वनस्पती, त्यांच्यामुळे माती सुधारू लागल्यावर झुडपे आणि अखेरीस यमुनेच्या खोऱ्यात नैसर्गिकरीत्या आढळणारे वृक्षसमूह, असा तो क्रम होता. सोबत पाणथळ जागा निर्माण करण्यात आल्या. हिवाळ्यात तेथे मोठी लालसरीसारखी स्थलांतरित बदके उतरतात. मार्चनंतर ती उत्तरेकडे निघून जातात.

सांगली-कोल्हापूर भागातील कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास हा क्रम परिचित वाटेल. अतिरिक्त पाण्याने खारवटलेल्या तेथील जमिनीत आधी निचऱ्याची व्यवस्था, नंतर धैंच्यासारखे हिरवळीचे खत आणि मग पीक, हाच मार्ग सांगितला जातो. जमीन चोपण असेल तर जिप्समची जोड द्यावी लागते. शेतातील सुधारणा पिकासाठी असते आणि उद्यानातील वनासाठी, एवढाच भेद. मात्र दोन्हीकडे उतावीळपणा महाग पडतो. ज्या गटास हा विषय अधिक खोलात समजून घ्यावयाचा असेल, त्याने दिल्लीहून पुढे कर्नाल येथे जाऊन केंद्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्थेस भेट द्यावी. ही संस्था १९६९ पासून याच प्रश्नावर कार्य करीत आहे.

सातपुला : बंधारा उरला, ओढा गेला

दक्षिण दिल्लीत साकेतजवळ, खिडकी गावालगत सातपुला नावाची दगडी वास्तू आहे. भोवती उद्यान असल्याने अनेकांना ती जुन्या पुलासारखी वाटते. प्रत्यक्षात तो बंधारा आहे. मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात, १३४० च्या सुमारास, जहाँपनाह नगराच्या तटबंदीचाच भाग म्हणून तो बांधण्यात आला. सात मुख्य कमानींतून पाणी सोडण्याची व अडविण्याची सोय होती आणि साठलेले पाणी शेतीस दिले जाई. कमानींतील दारे सरकविण्याच्या खाचा जवळून पाहण्यासारख्या आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरताना बर्गे घातलेले ज्याने पाहिले आहेत, त्यास या खाचांचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीचे बंधारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनाही येथे ओळखीची खूण सापडेल.

सातपुल्याचा खरा धडा मात्र कमानींच्या पलीकडे आहे. ज्या ओढ्यासाठी हे बांधकाम झाले, तो ओढा आज वाहत्या पाण्याचा राहिलेला नाही. पाणलोटात वस्ती उभी राहिली, लाभक्षेत्रात इमारती आल्या. सुमारे पावणेसातशे वर्षांचे दगडी काम शाबूत आहे, पण अडवायला पाणी नाही. बंधारा हा पाणलोटाचा शेवटचा टप्पा होय; वरच्या अंगाची माती, झाडोरा आणि ओघळी सांभाळल्या नाहीत, तर मजबुतीचे प्रमाणपत्र मिळालेले बांधकामही कोरडे पडते. पाणलोट विकासाच्या कामात गावोगाव उपचारांचा क्रम ‘माथ्यापासून पायथ्यापर्यंत’ असा सांगितला जातो, त्यामागील कारण येथे उभे राहून एका दृष्टिक्षेपात समजते.

हौजखास : गाळ काढणारा सुलतान

जवळच हौजखास आहे. अलाउद्दीन खलजीने सिरी या आपल्या नगरास पाणी मिळावे म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावर हा विशाल तलाव खोदविला. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे ५० हेक्टर होते, असे मानले जाते. पन्नास-साठ वर्षांतच तो गाळाने भरला. फिरोजशाह तुघलकाने तो गाळ काढविला, पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या आणि काठावर मदरसा बांधला. त्याची कबरही तेथेच आहे. नवा तलाव खोदण्याऐवजी जुना साफ करणारा हा राज्यकर्ता कालव्यांसाठीही इतिहासात ओळखला जातो. यमुनेच्या पश्चिमेकडील कालव्याचे मूळ त्याच्याच काळातील आहे.

पुढे तलाव पुन्हा आटला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो जवळजवळ कोरडा होता. अलीकडे त्याचा एक भाग प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याने भरण्यात आला आहे. म्हणजे पावसाच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आज शहराच्या सांडपाण्यावर जगतो. त्यामुळे पाण्यात पोषकद्रव्ये वाढणे, शेवाळ येणे यांसारखे प्रश्न उद्भवतात. यावर उपाय म्हणून वनस्पतींच्या मुळांतून पाणी गाळून घेण्याची पद्धत दिल्लीतच वसंतकुंजजवळील नीला हौज येथे वापरण्यात आली आहे. गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न ज्या ग्रामपंचायतींपुढे आहे, त्यांच्या प्रतिनिधींनी नीला हौज अवश्य पाहावा.

वेळ असल्यास मेहरौली पुरातत्त्व उद्यानात थोडे चालावे. लोदी काळात, सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ‘राजों की बावली’ तेथे आहे. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटेची विहीर ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या मनात तुलना आपोआप सुरू होईल. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात बांधलेल्या लिंबच्या विहिरीवर मोटा चालत आणि आमराईस पाणी मिळे. मेहरौलीची बावली प्रामुख्याने माणसांच्या पाण्यासाठी व विसाव्यासाठी होती. दोन्हींतील पातळी मात्र भोवतालचे भूजलच ठरविते.

खाणीच्या जागी अरण्य

गुरुग्राममधील अरवली जैवविविधता उद्यान हे या दिवसाचे अखेरचे व सर्वांत बोलके ठिकाण. (दिल्लीत वसंतविहार येथेही याच नावाचे उद्यान आहे, निघण्यापूर्वी पत्ता नीट पाहावा.) सुमारे ३८० एकरांच्या या टेकड्यांवर पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. माती ओरबाडली गेली होती आणि उरलेल्या जागेत विलायती कीकर, म्हणजेच आपल्याकडील वेडी बाभूळ माजली होती. २०१० मध्ये महानगरपालिका, ‘आय ॲम गुडगाव’ ही नागरिकांची संस्था आणि वनस्पतींचे जाणकार विजय धस्माना यांच्या सहभागाने पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. २०२२ मध्ये या उद्यानास संरक्षित क्षेत्राबाहेरील प्रभावी संवर्धनस्थळाचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळविणारे ते भारतातील पहिले स्थळ ठरले.

तेथे शोभेची झाडे लावण्यात आली नाहीत. अरवलीत मूळची असलेली शंभराहून अधिक प्रकारची झाडे, झुडपे व गवते लावली गेली. सालई, कांडोळ, खैर, हिवर, पळस ही नावे ऐकताच सातपुडा, अजिंठ्याचे डोंगर व विदर्भातील माळ डोळ्यांसमोर येतात. तेथील मुख्य वृक्ष ‘धौ’ हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. खडकाच्या भेगांतून मुळे घालून तो पावसाचे पाणी खाली उतरण्यास वाट करून देतो. ज्या गुरुग्राममध्ये भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक आहे, तेथे या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

मात्र रोपे आली कोठून? सरकारी वा खाजगी रोपवाटिकांत धौ किंवा सालई सहसा मिळत नव्हती. अरवलीत उरलेल्या वनांतून बी गोळा करून उद्यानाची स्वतःची रोपवाटिका उभारावी लागली. अशा उरलेल्या वनांपैकी एक म्हणजे गुरुग्राम-फरिदाबाद सीमेवरील मांगर बनी. गुदडिया बाबांचे स्थान मानून आसपासच्या गावांतील शेतकरी व पशुपालक कुटुंबांनी पिढ्यानुपिढ्या तेथील फांदीही तोडली नाही. सह्याद्रीतील देवरायांचेच हे उत्तरेकडील रूप होय. चहूबाजूंच्या टेकड्या खाणींनी पोखरल्या गेल्या, पण या बनीत धौचे वन टिकून राहिले. टेकडीस पुन्हा वन पाहिजे असेल, तर बी कोठेतरी जिवंत असावे लागते. आणि ते येथे गावकऱ्यांच्या श्रद्धेने जिवंत ठेवले होते.

वेड्या बाभळीबाबतही दिल्लीचा अनुभव उपयोगी आहे. ती सरसकट तोडली तर बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते आणि जमीन उघडी पडते. म्हणून दिल्लीच्या टेकड्यांवर तिच्या फांद्या विरळ करून खाली देशी रोपे लावण्याची पद्धत पुढे आली. रोपे उंच वाढून सावली धरू लागली की बाभूळ मागे हटते. गायरान व नदीकाठ या बाभळीने व्यापलेल्या गावांनी ही पद्धत छोट्या तुकड्यावर करून पाहण्यासारखी आहे.

सहलीची आखणी

ही सर्व ठिकाणे एका दिवसात पाहण्याचा आग्रह धरू नये. खारवट जमिनीचा प्रश्न असलेल्या गटाने सकाळी यमुना उद्यान व दुपारी हौजखास घ्यावे. डोंगराळ, कोरडवाहू भागातील गटाने सकाळीच गुरुग्राम गाठून परतताना सातपुला पाहावा. जैवविविधता उद्यानांना आधी कळवून गेल्यास जाणकार व्यक्ती सोबत मिळण्याची शक्यता वाढते. मार्चमध्ये पळस फुललेला असतो आणि ऊनही सोसण्याजोगे असते. उद्यानांतून बी, रोपे वा फांद्या आणू नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी निघण्यापूर्वी गटास तीन प्रश्न द्यावेत. पूर्वी येथे काय बिघडले होते? दुरुस्तीचा क्रम कोणता होता? आज त्याची देखभाल कोण करीत आहे? तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. फिरोजशाहाने गाळ काढला, पण पुढे ती जबाबदारी कोणी घेतली नाही आणि तलाव आटला. मांगरच्या गावकऱ्यांनी राखण सोडली नाही आणि वन राहिले.

गावी परतल्यावर या प्रश्नांची उत्तरे शिवारातही शोधता येतील. गाळाने भरलेला पाझर तलाव, बुजलेली बारव, उजाड गायरान आणि देवाच्या नावाने राखलेली चार गुंठ्यांची राई यांची नोंद ग्रामसभेपुढे मांडता येईल. त्यांपैकी राईतील बी येत्या उन्हाळ्यात गोळा करून ठेवणे हे काम सर्वांत स्वस्त आहे आणि ते कोणत्याही योजनेच्या मंजुरीची वाट न पाहता सुरू करता येते.