धान पिकते, ताट मात्र आक्रसते

दिवाळीच्या दिवसांत साकोली-लाखनीकडे हलक्या धानाची कापणी सुरू असते. कापलेल्या कडपा तीन-चार दिवस बांधीतच सुकतात, मग पुंजणे रचले जाते. नेमका त्या दिवसांत पाऊस आला तर लोंबीतच कोंब फुटतात आणि दाणा काळवंडतो. ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रही धान घेत नाही. परतीचा आणि अवकाळी पाऊस आता वारंवार याच वेळी गाठतो आहे.

भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण धानाला पाणी ठरलेल्या वेळी लागते. जुलैत पावसाने दडी मारली की रोवणी खोळंबते, पऱ्हे जून होतात, फुटवे कमी येतात आणि उत्पन्न तिथेच घटते. २०१७ मध्ये अपुऱ्या पावसातून कसेबसे वाचलेले धान शेवटी तुडतुड्यांनी खाल्ले. २०२० च्या ऑगस्टअखेरीस चित्र नेमके उलटे होते. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरासह पवनी-लाखांदूरकडची नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. पोटरीवर यायच्या बेतात असलेले पीक गढूळ पाण्यात कुजले.

अशा बुडितासाठीच पीकविमा हवा. तरीही २०१८ साली धानाचे बुडीत स्थानिक आपत्तीच्या यादीतून वगळले गेले. २०२६ च्या खरिपापासून ते पुन्हा समाविष्ट करण्याची घोषणा केंद्राने केली आहे. मधली इतकी वर्षे धानपट्ट्यावर अन्याय झाला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पण सर्वांत खोल नुकसान पंचनाम्यात येतच नाही. इथल्या घराचे पोट एकट्या धानावर कधीच चालत नव्हते. धुऱ्यावर तूर असे. धान उभे असतानाच ओल्या चिखलात लाखोळी फेकली जाई आणि कापणीनंतर उरलेल्या ओलीवर ती वाढे. नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. परसात पोपटाच्या शेंगा, तलावात मासे आणि शिंगाडे, चैत्रात मोहफुले. धान बुडाले तरी डाळ आणि मासळी घर तगवत असे. आता ऑक्टोबर कोरडा गेला तर लाखोळी उगवत नाही, उशिरा पाऊस धो धो कोसळला तर बी कुजते. कालव्याचे पाणी जिथे पोहोचले तिथे उन्हाळी धान आले आणि कडधान्याची जागा गेली. अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, त्यामुळे चूल विझत नाही. या कायद्याचे मोल मोठे आहे. मात्र रेशनच्या पिशवीत डाळ आणि मासळी नसते. ती विकत घ्यायची ऐपत नसली की ताटात नुसता भात उरतो, आणि घरात आधी बाईच्याच वाट्याला कमी येते.

म्हणून मला मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा प्रश्न अन्नाचा प्रश्न वाटतो. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधले. जुलैची दडी आणि सप्टेंबरची उघडीप यांवरचे उत्तर या तलावांच्या पाळींमागेच साठलेले असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पाटाची, सांडव्याची देखभाल गावाच्या हातून सुटली. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. हा गाळ काढताना यंत्राने सरसकट खोल खणले की पाणी वाढते, पण माशांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती नष्ट होतात. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाबरोबर वेगळी वाट धरली. तिथे बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या, देशी मासे परत आले. या कामात ढिवर महिला पुढे होत्या.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या धरणावर जितका पैसा आणि जितकी दशके खर्ची पडली, त्याचा छोटासा हिस्सा तरी या तलावांवर यायला हवा. भंडाऱ्यातल्या वाचकांना एवढीच विनंती: गावच्या तलावाचा गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा पाणवनस्पती, मासे आणि पाटाची दुरुस्तीही त्यात लिहून घ्या, आणि त्या सभेला ढिवरांना व घरातल्या बायांना आवर्जून न्या.